चांद्याला सांगितलेलं

आमचे भासरे स्वतःच्या घरात शिरतानाही खाकरत. फाटकाशी एकदा, ओसरीवजा छपरीच्या पायरीवर पुन्हा, आणि माजघराच्या उंबऱ्याशी आले की जरा लांबवून. घर त्यांनीच बांधलेलं. छतावरचे कवेलू त्यांनी स्वतः चढून बसवले होते, फाटकाचा खांबही त्यांच्याच हातचा. तरी परवानगी मागितल्यासारखे ते दाराशी थबकत. नवा पाहुणा आला की हळूच विचारी, यांना खोकला कधीपासून आहे? त्या खोकल्याला घसा कारण नव्हता. मी कारण होते.

भासरे म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ. धाकट्या भावाच्या बायकोनं त्यांच्यासमोर यायचं नाही, तोंड दाखवायचं नाही, बोलायचं तर नाहीच, अशी आमच्याकडची रीत. वाचणाऱ्यांपैकी पुष्कळांच्या घरात ती असेल. रीत भावसुनेची म्हणून सांगतात, पण तिचा अर्धा भार भासऱ्यांवरही असतो, हे मला फार उशिरा कळलं. मी पदर ओढून कोपऱ्यात सरकले की माझं काम संपे. त्यांना मात्र आपल्याच घरात चोरपावलांनी नव्हे तर मुद्दाम पाय वाजवत फिरावं लागे.

आमचा जिल्हा मुंबई राज्यात गेला त्या वर्षी मी लग्न होऊन या घरात आले. गाव वणीच्या पलीकडे, काळ्या मातीचं, कपाशीचं. मालक, म्हणजे माझे यजमान, राजूरच्या कोळशाच्या खाणीवर वजनकाट्याच्या कचेरीत होते. आठवड्याच्या सुटीला येत. सासूसासरे आधीच गेलेले. घरात भासरे, थोरल्या जाऊबाई आणि मी. जाऊबाईंना मी मोठ्या बाई म्हणे. त्यांच्या दोन्ही मुली सासरी गेल्या होत्या. मालक भासऱ्यांहून बरेच लहान. भासऱ्यांनी त्यांना खांद्यावर घेऊन वाढवलेलं. ते त्यांना दादा म्हणत. मी काय म्हणत होते, असं कोणी विचारलं तर मला सांगता येत नाही. मी त्यांना कधी हाकच मारली नाही.

बोलणं नसलं तरी घर चालावं लागतं. मोठ्या बाई वावरात गेल्या की आम्हा दोघांत आवाजांचा व्यवहार चाले. त्यांनी खाकरलं म्हणजे ते आले. मी स्वयंपाकघराच्या कवाडाची कडी वाजवली म्हणजे ताट वाढलं. मग मी आत सरकायचं, त्यांनी येऊन बसायचं, जेवून उठायचं. माझ्या बांगड्या वाजल्या म्हणजे मी खोलीत आहे, येऊ नका. त्यांना भाकरी आणखी हवी असली की ते ताटावर बोट वाजवत. मी कवाडाआडून भाकरी सरकवी. पाहणाऱ्याला गंमत वाटली असती. आम्हाला कधी वाटली नाही, कारण पाहणारं कोणी नव्हतं.

पण काही गोष्टी कडीनं आणि खाकरण्यानं सांगता येत नाहीत. त्यासाठी त्यांनी चांद्याला धरलं होतं. चांद्या हा त्यांचा बैल, कपाळावर पांढरा डाग असलेला. जोडीचा गुलब्या पलीकडे बांधलेला असे, चांद्या मात्र स्वयंपाकघराच्या भिंतीलगत. भिंतीत एक झरोका होता. भासरे चांद्याच्या पाठीवर हात फिरवत आणि झरोक्याकडे न पाहता बोलत. "चांद्या, आज वरनात मीठ जास्त झालं लेका. पन होते कधी कधी. नवीन मानूस हाय, हात बसाले टाइम लागते." नवी सून आहे म्हणून मोठ्या बाईंनी रागावू नये, हेही त्यातच आलं, मोठ्या बाई तेव्हा माझ्या शेजारीच बसलेल्या असत. माझी आई आजारी असल्याचा निरोप माहेराहून आला. तो मोठ्या बाईंनी त्यांना सांगितला. संध्याकाळी झरोक्यातून ऐकू आलं, "चांद्या, उद्या सकाळी बंडी जुंपाची हाय. कोनाची माय बिमार हाय म्हनते. आज पोटभर खाऊन घे."

मी रडले ते आईसाठी, असं मोठ्या बाईंना वाटलं.

मी सातवी पास होऊन आले होते. पेटीच्या तळाशी पुस्तकं होती, ती कोणाला दाखवली नव्हती. वाण्याकडून गूळ आला की त्याचा कागद मी चुलीत घालण्याआधी वाचून घेई. एकदा तो वाचताना चुलीवरचं दूध उतू गेलं आणि मोठ्या बाईंनी छपरीत सगळ्यांदेखत सांगितलं की हिला दुधापेक्षा कागद प्यारा आहे. भासऱ्यांनी ते ऐकलं. दुसऱ्या दिवशी गोठ्यात बराच वेळ खरारा चालला. मग म्हणाले, "चांद्या, आपल्या घरानं आजवर अंगठेच उठवले. तू अन् मी तर गेलो. पन कोनाले वाचाची आवड असन तर तिनं दूध जाऊ द्याव. दूध उद्या पुन्हा निंघते." पुढच्या सुटीला मालक आले तेव्हा दोघा भावांचं बोलणं झालं, आणि मी घरून मॅट्रिकला बसायचं ठरलं.

पारावर लोकांना हा विषय पुरला. बाई मॅट्रिक झाली तर भाकरी कोण थापेल, असं एकानं त्यांना विचारलं म्हणे. मालकांनी त्यांचं उत्तर मला सांगितलं: "भाकर आमच्या घरची हाय. तुमी कायले उपाशी राहून राह्यले?" ते माणसांशी बोलताना असे तिखट होते. मऊ बोलणं त्यांनी बैलासाठी राखून ठेवलं होतं.

संध्याकाळी कंदिलाची काच पुसणं हे घरात बायकांचं काम. मी अभ्यासाला लागले तेव्हापासून ते त्यांनी आपल्याकडे घेतलं. वावरातून आले की हातपाय धुवून ते राखेनं काच घासत, मऊ कपड्यानं कोरडी करत, वात कातरत. कंदील लावून माजघराच्या उंबऱ्यावर ठेवत, खाकरत आणि निघून जात. पुरुषानं कंदील घासावा हे मोठ्या बाईंना आवडत नसे. ते त्यांना सांगत, तुझ्या हातानं काच फुटते. मोठ्या बाईंच्या हातून काच फुटल्याचं मी कधी पाहिलं नाही.

मी मोठ्यानं वाचून पाठ करी. भिंतीपलीकडे ते ऐकत, हे मला ठाऊक होतं. "आयकलं का चांद्या? कपाशीले काळी माती लागते म्हनते पुस्तक. बरं झालं सांगतलं. आपन तर इतके दिवस दगडावरच पेरून राह्यलो होतो." मी तोंडावर पदर दाबून हसत असे. त्यांनाही ते ऐकू जात असणार. माझा आवाज त्यांना ओळखीचा होता, पण तो भूगोलातून आणि इतिहासातून. त्यांच्यासाठी म्हणून त्यातला एक शब्दही नव्हता.

परीक्षेला ते मला बंडीतून वणीला घेऊन गेले. भासऱ्यांबरोबर एकटीनं जाणं बरं दिसत नाही म्हणून शेजारच्या भागाबाईंना सोबत घेतलं होतं. भागाबाई म्हाताऱ्या, विधवा, बोलायला मोकळ्या. पण बंडी हलली की त्यांचा डोळा लागे. मी मागच्या बाजूला तोंड करून बसले होते. पुढे भासरे, मधे झोपलेली सोबत. येताना तसंच. मला गणिताचा पेपर कठीण गेला होता आणि मी मुसमुसत होते. त्यांनी कासरा सैल सोडला. "चांद्या, तू पयल्या वर्षी जूवाखाली आला तवा आठवते? तीन डाव बसला होता वावरात. मी तुले मारलं का? नाही मारलं. संध्याकाळी सरकीची ढेप टाकली. दुसऱ्या दिवशी आपूनच उठला." बंडी नाल्यातून चढली तेव्हा भागाबाई जाग्या झाल्या आणि विचारू लागल्या, कोणाशी बोलून राहिले. "बैलाशी," ते म्हणाले. "रस्ता सांगून राह्यलो." भागाबाई म्हणाल्या, बैलाला रस्ता ठाऊक आहे, तुम्हीच विसरले असाल.

मी पास झाले. मग पुढच्या परीक्षाही घरूनच देत गेले. त्यांची केंद्रं यवतमाळला, वणीहून मोटारीनं. मालक रजा काढत. वणीपर्यंत बंडी मात्र चांद्या-गुलब्याचीच.

आता मला त्या दुपारीबद्दल लिहायचं आहे.

पावसाळ्यात गावात डोळ्यांची साथ होती. भासऱ्यांचे दोन्ही डोळे आले होते, पापण्या सुजून मिटल्यासारख्या झालेल्या. वणीच्या दवाखान्यातून डोळ्यात टाकायचं औषध आणलं होतं. त्याच दिवसांत जूवानं चांद्याच्या खांद्याला जखम झाली होती. तिच्यासाठी टिंचरची बाटली होती. दोन्ही औषधं सारख्याच लहान बाटल्यांत भरून आणलेली, आणि दोन्ही छपरीच्या भिंतीतल्या एकाच देवळीत. कागद चिकटवलेले होते. ते वाचणारी घरात मी एकटी.

मोठ्या बाई निंदणाला गेल्या होत्या. मी स्वयंपाकघराच्या कवाडाआड तांदूळ निवडत बसले होते. फटीतून छपरी दिसत होती. भासरे भिंत चाचपत देवळीशी आले, एक बाटली काढली, नाकाशी नेली. सर्दीनं त्यांचं नाक बंद होतं. मग बोटानं कापसाचा बोळा भिजवू लागले. बाटली चुकीची होती. मला कागद दिसत होता. मी त्यांच्यापासून एवढ्या अंतरावर होते की हात लांब केला असता तर बाटली घेता आली असती.

मी बांगड्या वाजवल्या. ते थांबले, आणि मी खोलीत असेन म्हणून आदबीनं पाठ फिरवून बसले. मग मी कडी वाजवली. पुन्हा वाजवली, जोरानं. ते म्हणाले, "चांद्या, जेवाले येतो म्हना. अगुदर दवाई टाकून घेतो." मला ओरडायचं होतं. तोंड उघडल्याचं मला आठवतं. आवाज निघाला नाही. म्हणून मी काय केलं, तर मागच्या दारानं धावत भागाबाईंकडे गेले, की त्यांनी येऊन सांगावं. सांगायला माणूस हवं होतं. आमच्या घराची तीच तर पद्धत होती. भागाबाई उठल्या, लुगडं सावरलं, काठी शोधली. आम्ही अंगणात पोहोचलो तेव्हा ते डाव्या डोळ्यावर हात दाबून जमिनीवर बसले होते आणि पायाची बोटं मातीत रुतवत होते. ओरडत मात्र नव्हते. मी घरात आहे असं त्यांना वाटत होतं.

भागाबाईंनी डोळ्यावर पाणी ओतलं. पाणी मी आणून देत होते, त्यांच्या हातात. वणीच्या डॉक्टरांनी सांगितलं की डाव्या डोळ्यावर पांढरं आलं आहे, ते आता जाणार नाही.

मोठ्या बाई मला त्याबद्दल एकदाच बोलल्या. चुलीशी बसल्या होत्या, माझ्याकडे न पाहता म्हणाल्या, "एवढाले पुस्तकं वाचते व तू. तोंड नोतं काय तुले?" त्यांचा राग मी खाली मान घालून घेतला. तो खरा होता आणि पुरेसाही नव्हता. झरोक्यापलीकडून आवाज आला, पण या वेळी त्यात चांद्याचं नाव नव्हतं. "तिले काहून बोलते? तिले मुकी आपनच केली. मी रोज दारात खाकरलो, तवा ती मुकी झाली. डोया माह्या खाकरन्यानं गेला."

मला वाटलं होतं, त्यांनी मला दोष द्यावा. त्यांनी तो स्वतःकडे घेतला. दोष दिला असता तर कदाचित मी आज हे लिहीत बसले नसते.

डोळा निवल्यावर ते घराबाहेर पडले, आणि परत आले तेव्हा खाकरले नाहीत. पन्नाशीच्या पुढच्या माणसानं इतक्या वर्षांची सवय मोडायची म्हणजे काय असतं, ते मी रोज पाहत होते. फाटकाशी आले की गळा आपोआप तयार होई. मग तोंड मिटून, गिळून ते पुढे येत. कधी चुकून खाकरत आणि स्वतःवरच चिडल्यासारखे डोकं हलवत. पहिल्या दिवशी ते उंबऱ्याशी उभे राहिले, कवाडाकडे पाहिलं आणि म्हणाले, "बाई, पानी दे." आवाज फुटका आला. माझ्या हातातला गडवा खाली पडला. मी पाणी मोठ्या बाईंजवळ दिलं.

ते रोज एखादं वाक्य बोलत. वावरात नवीन काही केलं तर ते सांगत. पाऊस कुठपर्यंत पडला, राजूरच्या खाणीत मालक कसे आहेत, कापूस वणीला कधी न्यायचा. साधीच वाक्यं, पण पाठ करून आणल्यासारखी. पारावर पुन्हा बोलणं सुरू झालं. भासरा भावसुनेशी बोलतो, म्हातारपणी अक्कल गेली, एक डोळा गेला आणि लाजही गेली, इथपर्यंत. लोक हे त्यांच्या तोंडावर बोलत. मालकांना ते सहन होईना. त्यांनी दादांना सांगितलं की राहू द्या, आपल्याला काय अडलं आहे. "मले अडलं," ते म्हणाले. एवढंच.

आणि मी? मी उत्तरं देत नव्हते. मान हलवी, तीही पदराआडून. मोठ्या बाईंच्या कानात सांगे आणि त्या त्यांना सांगत. तोवर मी पारतंत्र्यावर आणि स्त्रियांच्या स्थितीवर निबंध लिहिले होते, परीक्षकांनी त्यांना चांगले गुण दिले होते. मला रीत पटत नव्हती, पण ती माझ्या घशात राहत होती. शिकले ते डोक्यानं. घशाला कोणी शिकवलं नव्हतं. शिकवायला जो माणूस रोज उंबऱ्याशी येऊन उभा राहत होता, त्याच्यासमोर मी मान हलवीत होते.

बी. ए. चा निकाल लागला तो वर्तमानपत्रातून वणीला कळला. मालक संध्याकाळच्या मोटारीनं येऊन सांगणार होते. पण भासऱ्यांना दम नव्हता. ते सकाळीच बंडी जुंपून वणीला गेले. एका डोळ्यानं हाकत. तिथे कोणाकडून तरी नंबर पाहून घेतला आणि दुपारी परत आले. छपरीत भागाबाई होत्या, मोठ्या बाई होत्या, वणीहून सायकलवर आलेल्या कोणीतरी मी पास झाल्याचं त्यांच्याआधीच सांगितलं होतं, म्हणून आणखी चारदोन बाया जमल्या होत्या. मी कवाडात उभी. ते पायरीवर आले, सदऱ्याच्या बाहीनं डोळा पुसला. त्यांना सगळं ठाऊक होतं, तरी त्यांनी मलाच विचारलं. बहुधा मी बोलावं म्हणूनच.

"बाई, सांग मले. तू काय झाली?"

सगळ्या बाया माझ्याकडे पाहत होत्या. एकच शब्द सांगायचा होता. तो त्यांनीच मला मिळवून दिला होता. कंदील घासून, बंडी हाकून, लोकांचं ऐकून. ते वाट पाहत राहिले. त्यांचा चांगला डोळा कवाडावर होता. मी मोठ्या बाईंच्या मागे सरकले आणि त्यांच्या कानात सांगितलं. मोठ्या बाई म्हणाल्या, "बी. ए. झाली म्हनते."

ते हसले. "झाली तर," म्हणाले, आणि बैल सोडायला गेले.

पुढे मला वणीला मुलींच्या शाळेत नोकरी मिळाली आणि आम्ही तिथे बिऱ्हाड केलं. वर्गात माझा आवाज मागच्या बाकापर्यंत सहज जाई. माझा आवाज खणखणीत आहे, असं मुख्याध्यापिकाबाई म्हणत. मुलींना उभं करून मी उत्तर मोठ्यानं द्यायला लावी. एखादी शेजारणीच्या कानात सांगू लागली तर मी तिच्यावर रागावत नसे, पण तिला बसू देत नसे. ती बोलेपर्यंत थांबे. मुलींना वाटे, बाई फार चिवट आहेत. मी कोणासाठी थांबत होते ते त्यांना कुठून कळणार.

सणासुदीला गावी जात होतो. शेवटचा पोळा मला स्पष्ट आठवतो. गुलब्या गेला होता. चांद्या थकला होता, जूवाखाली येत नव्हता; भासऱ्यांनी त्याला तसाच ठेवला होता. भासऱ्यांचा दुसरा डोळाही मंद झाला होता. ते गोठ्याच्या तोंडाशी बाजेवर बसून राहत. पोळ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडे बैलांचे खांदे लोणी-हळदीनं मळतात आणि त्यांना जेवणाचं आवतन देतात. ते काम त्या वर्षी माझ्याकडे आलं. भासरे हाताच्या अंतरावर बसलेले. मी चांद्याच्या खांद्यावरून हात फिरवला. जुन्या जखमेचा वण बोटांना लागला. मी नेहमीचं वाक्य म्हटलं, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." ते बैलाला म्हणायचंच असतं, त्यात रीत मोडत नव्हती. आणि ते म्हणताना मला वाट सापडली. त्यांचीच वाट.

मी म्हटलं, "चांद्या, त्या दिवशी मी आवाज द्याले पायजे होता. माह्यामुळे डोया गेला. हे मले कोनाजवळ बोलताच आलं नाही."

चांद्यानं कान हलवला नाही. बाजेवर हालचाल झाली. भासऱ्यांनी मान माझ्या दिशेनं वळवली. रागानं नव्हे, थट्टेनंही नव्हे, अगदी साधं म्हणाले, "बाई, चांद्या आता बहिरा झाला. मले आयकू येते. इकडे सांग."

त्यांनी मला दार उघडून दिलं होतं. आत यायचं तेवढं बाकी होतं. मी लोण्याची वाटी उचलली, पदर पुढे ओढला आणि घरात निघून आले. स्वयंपाकघरात आल्यावर झरोक्यातून ऐकत उभी राहिले, की ते चांद्याला काहीतरी सांगतील. त्यांनी काही सांगितलं नाही. माणसाशी बोलायचं एकदा ठरवल्यावर ते बैलाकडे परत गेले नाहीत. परत गेले ती मीच.

आता आमच्या घरातल्या सुना आपापल्या भासऱ्यांशी बोलतात. इतक्या की भांडतातसुद्धा. भाजी आणली नाही म्हणून रागावतात, वर्तमानपत्राचं मधलं पान कोणी नेलं म्हणून ओरडतात. ही मोकळीक आपल्या शिक्षणामुळे आली असं त्यांना वाटतं, आणि मलाही तसं सांगायला आवडलं असतं. पण या घरात ती एका माणसाच्या घशातून आली. त्यानं पन्नाशीनंतर खाकरणं गिळायला शिकून घेतलं.

ते गेले तेव्हा कपाशी फुटली होती. निरोप वणीला शाळेत आला. आम्ही पोहोचलो तेव्हा त्यांना छपरीत ठेवलं होतं. आमच्याकडे बाया गेलेल्या माणसाशी बोलून रडतात. त्याला हाक मारतात, त्याचे गुण सांगतात, जाब विचारतात. त्या वेळी कोणाला कोणाचा पडदा नसतो. भावसूनही भासऱ्यांशी बोलू शकते, कोणी काही म्हणत नाही. मोठ्या बाई बोलत होत्या, लेकी बोलत होत्या, भागाबाईही काठी टेकून बसून विचारत होत्या की मला सोडून पुढे का गेले. सगळ्यांनी माझ्यासाठी जागा केली. मी पायाशी बसले. पहिल्यांदाच त्यांच्याकडे मी पदर न ओढता पाहिलं. कपाळावर उभी आठी होती, मला ती ठाऊक नव्हती. मी तोंड उघडलं, आणि मला कळलं की माझ्याजवळ त्यांच्यासाठी हाकच नाही. इतक्या वर्षांत ती तयार झालीच नव्हती. बाया माझी वाट पाहत होत्या. कोणी पाठीवरून हात फिरवला, रड व, मोकळी हो, म्हणालं. मी उठले.

गोठ्यात चांद्या उभा होता. त्याच्यापुढे कोणीतरी कडबा टाकला होता, तो हळूहळू चघळत होता. भिंतीत झरोका होता. त्यातून चूल दिसत होती आणि मी जिथे बसत असे ती जागा. मी या बाजूनं ती कधीच पाहिली नव्हती. मी चांद्याच्या गळ्यावर हात ठेवला, त्याच्या कानाशी वाकले आणि म्हणाले, "दादाजी, मी बी. ए. झाली."

त्याला ऐकू येत नव्हतं. ते मला ठाऊक होतं, म्हणूनच आवाज निघाला.